‘पुढचं पुढे बघू’, पण कुणाचं?

पत्र मोठं होतं. त्यातलं लागेल तेवढंच इथे देते.

‘मावशी, नमस्कार. मी मूळचा पुण्याचा, डेक्कनच्या कोर्टवर वाढलेला. अमेरिकेत स्पोर्ट्स अ‍ॅडमिनिस्ट्रेशनचं मास्टर्स केलं आणि जूनपासून इथल्या एका छोट्या डिव्हिजन वन (कॉलेजच्या खेळातली सगळ्यात वरची पातळी) कॉलेजच्या बास्केटबॉल टीमबरोबर काम करतोय. काम म्हणजे व्हिडिओ कापायचे, बसची बुकिंगं करायची आणि ज्या मुलांना घ्यायचंय त्यांची कागदपत्रं गोळा करायची. आमच्या यादीत एक मुलगा आहे. सहा फूट आठ इंच, यंदा बारावीला. पात्रतेसाठी धरतात त्या सोळा मुख्य विषयांपैकी, म्हणजे कोअर कोर्सपैकी, दहा झालेत, त्यांच्या ग्रेडची सरासरी म्हणजे जीपीए, चारपैकी २.१. हवाय २.३. हेड कोच म्हणतात, नोव्हेंबरमध्ये स्कॉलरशिपच्या करारावर सही घेऊन टाकू, मार्कांचं पुढचं पुढे बघू. अगदीच अडलं तर उन्हाळ्यात एक ऑनलाइन कोर्स “करवून घेऊ”. मुलगा कष्टाळू आहे. नववीत अल्जिब्रा राहिला होता, तोही त्याने क्रेडिट रिकव्हरीतून (राहिलेला विषय भरून काढायचा शाळेचा कोर्स) तीन आठवड्यांत काढला, बी मिळवून. गेल्या रविवारी त्यांच्या घरी जेवलो. त्याची आई नर्सिंग होममध्ये रात्रपाळी करते. निघताना तिने विचारलं, “पहिल्या वर्षी खेळेल ना हा?” मी म्हणालो, काळजी करू नका. तेव्हापासून मलाच काळजी लागलीय. सही घ्यावी का? आईला काय सांगू? आणि कोचला आडवं जावं तर माझ्या ओपीटीचे, म्हणजे शिक्षणानंतरच्या कामाच्या परवानगीचे, सातच महिने उरलेत.’

अरे बाळा, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा चहा पिताना, दुसऱ्यांदा हातात पेन घेऊन. मी एकोणीस वर्षं इथल्या एका विद्यापीठात खेळाडूंच्या अभ्यासाचं बघत होते, त्यामुळे असं पत्र आलं की आधी आकडे मांडायची सवय आहे. तेव्हा तुझ्या झोपेचं नंतर बघू, आधी हिशोब करू.

दहा कोर्सेसचा जीपीए २.१ म्हणजे गुण झाले २१. ए चे चार, बी चे तीन, सी चे दोन, डी चा एक. अधिक-उणे पात्रतेच्या मोजणीत धरत नाहीत, हे तुला माहीत असेलच. सोळा कोर्सेसना २.३ हवा, म्हणजे ३६.८ गुण. उरलेल्या सहांतून १५.८ आणायचे. चार बी आणि दोन सी आले तर सोळा होतात आणि पोरगा २.३१ वर पोचतो. तीन बी, तीन सी आले तर २.२५. एका विषयात बी चा सी झाला की वर्ष बाकावर. आजवर ज्याची गाडी सी वर चाललीय, त्याने बारावीच्या एका वर्षात सहा विषय घेऊन त्यातल्या चारांत बी काढायचे. अशक्य नाही. मी असे पोरगे पाहिलेत. पण ‘पुढचं पुढे बघू’ म्हणण्याइतकं सोपंही नाही, आणि झालेले दहा आता गोठले. सातवं सत्र, म्हणजे बारावी, सुरू झालं की त्यातला विषय पुन्हा देऊन मार्क वाढवता येत नाहीत. आपल्याकडच्यासारखी एटीकेटी इथे नाही.

पूर्वी एक आधार असायचा. सॅट किंवा एसीटीचा स्कोअर चांगला असला तर थोडा कमी जीपीए चालायचा. जानेवारी २०२३ मध्ये एनसीएएने, म्हणजे कॉलेजच्या खेळांचे नियम करणाऱ्या संस्थेने, ती परीक्षेची अट कायमची काढून टाकली. चांगलंच केलं. पण २.३ च्या खाली असणाऱ्याला आता परीक्षेचा आधार नाही. आता जे काही आहे ते त्या सोळा विषयांत.

इथवर तुलाही माहीत होतं. आता जे तुला दिसलं नाही ते सांगते. तू ते मुलाचं कौतुक म्हणून लिहिलंस आणि माझं पेन तिथेच थांबलं.

तीन आठवड्यांत अल्जिब्रा.

वर्षभराचा विषय तीन आठवड्यांत ऑनलाइन निघाला, बी मिळाला, शाळेने ट्रान्स्क्रिप्टवर चढवला. शाळेच्या दृष्टीने पोरगा पास. पण खेळाडूंची पात्रता ठरवणारं एनसीएएचं इंडियानापोलिसचं एलिजिबिलिटी सेंटर शाळेच्या डोळ्यांनी बघत नाही. क्रेडिट रिकव्हरीचा कोर्स त्यांना चालतो, पण तो नेहमीच्या वर्गाच्या तोडीचा असावा लागतो. शिक्षकाशी संपर्क हवा, आशय तेवढाच हवा, आणि त्या शाळेच्या मंजूर कोअर कोर्सच्या यादीत तो असायला हवा. नुसतं क्लिक करत पुढे गेलेलं चालत नाही.

तो कोर्स उडाला तर काय होतं ते नीट बघ. जीपीए फार बदलत नाही. नऊ विषय, १८ गुण, सरासरी २.०. पण ‘दहा’चे नऊ होतात. पूर्ण पात्र व्हायचं तर सातव्या सत्राआधी दहा कोअर कोर्स झालेले हवेत आणि त्यातले सात इंग्रजी, गणित, विज्ञानातले. नऊ असतील तर ते नऊच राहतात. पोराने यंदा सगळ्या विषयांत ए आणले तरी पहिल्या वर्षी तो खेळू शकत नाही. तुम्ही दोघं २.३ कडे डोळे लावून बसलात आणि दार कदाचित दुसऱ्याच जागी बंद झालंय.

मी ‘कदाचित’ म्हणतेय. यादी न बघता मी निकाल देणार नाही, तूही देऊ नकोस. शिवाय उलटंही घडतं. एकदा एका मुलाचं आठवीतलं स्पॅनिश हायस्कूलच्या ट्रान्स्क्रिप्टवर ग्रेड आणि क्रेडिटसकट निघालं आणि मोजणीत एक विषय वाढला. कुणी बघितलंच नव्हतं. तेव्हा असा एखादा सुटलेला कोर्स आहे का तेही शोध. फक्त दहाबरोबर त्या सातांचा मेळ बसतोय ना, ते बघ. स्पॅनिश गणिताच्या जागी चालत नाही.

समजा नऊच निघाले. मग हा पोरगा झाला तर अकॅडेमिक रेडशर्ट होईल. त्यासाठीही सोळा कोअर कोर्स आणि २.० हवेतच, म्हणजे अल्जिब्रा धरून सात विषय अजून, सगळ्यांत निदान सी. वेळेवर हायस्कूल संपवलं तर त्यातला एक नंतर करायची मुभा असते. म्हणजे सहा विषय यंदाच्या शाळेच्या वर्षात, एक उन्हाळ्यात. हे जमलं तर स्कॉलरशिप मिळते, टीमबरोबर सराव करता येतो, सामना खेळता येत नाही. पहिल्या सत्रात नऊ क्रेडिट पास केली तरच पुढच्या सत्रात सराव. २.० च्या खाली गेला तर नॉन-क्वालिफायर. मग खेळाची स्कॉलरशिप नाही, सराव नाही, सामना नाही. रात्रपाळी करणाऱ्या आईच्या दृष्टीने ‘यंदा खेळणार नाही’ आणि ‘फी कोण भरणार’ या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत. तिला त्या वेगळ्या करून सांगायच्या.

आता तुझ्या कोचकडे येते. तो वाईट माणूस आहे असं मी म्हणत नाही. त्याचा हिशोब मला समजतो. २०२४ पासून खेळाडू हवा तितक्या वेळा कॉलेज बदलू शकतो, अभ्यासात पात्र असला की झालं. त्यामुळे मोठी कॉलेजं अठरा वर्षांचा कच्चा पोरगा घेण्यापेक्षा बावीस वर्षांचा तयार गडी पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलणाऱ्यांच्या यादीतून, उचलतात. तरी सहा फूट आठ इंचाचा, हात-पाय चालणारा मुलगा छोट्या कॉलेजच्या वाट्याला सहसा येत नाही. तो तुमच्या दारापर्यंत आला, कारण त्याचे मार्क बघून बाकीचे वळले. कोचला हे पक्कं ठाऊक आहे. म्हणून तो डाव लावतोय. डाव लावायला माझी हरकत नाही, पण पैसे कुणाचे लागलेत ते बघ. पोरगा अपात्र ठरला तर कॉलेजची एक जागा रिकामी राहते आणि ऑगस्टमध्ये ती पोर्टलमधून भरतात. स्कॉलरशिपच्या करारात बहुतेक वेळा लिहिलेलं असतंच की प्रवेश आणि पात्रता मिळाली तरच हे लागू. पण मुलाने नोव्हेंबरमध्ये सही केली की त्याला फोन करणारे बाकीचे फोन थांबवतात. एक पायरी खालच्या डिव्हिजन टूचा जो कोच त्याला आज घ्यायला तयार आहे, त्याची जागा जूनमध्ये भरलेली असते.

आणि डिव्हिजन टू म्हटलं की नाक मुरडू नकोस. तिथे २.२ लागतो, तो ‘दहा’चा कुलूपबंद नियम नाही आणि कॉलेजात पूर्णवेळ दाखल होईपर्यंत केलेले कोअर कोर्स धरतात. नऊ विषय १८ गुणांवर असले तरी उरलेल्या सातांत चार बी, तीन सी आले की पोरगा २.२५ वर जाऊन पहिल्याच वर्षी खेळतो. म्हणजे सगळ्यात वाईट शक्यता धरली तरी त्याच्यासाठी एक सरळ रस्ता आहे, फक्त तो तुमच्या कॉलेजवरून जात नाही. हे तू त्याच्या आईला सांगशील का? ते कॉलेजचं नुकसान केल्यासारखं वाटेल, मला कळतं. तरी सांग.

दुसरा रस्ता ज्युनियर कॉलेजचा. लॅरी जॉन्सन टेक्सासमधल्या ओडेसा कॉलेजात दोन वर्षं खेळला, मग लास व्हेगासला गेला, १९९० मध्ये विजेतेपद आणि १९९१ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये पहिला नंबर. पण ही गोष्ट कोच लोक फार सहज सांगतात, ‘नाही जमलं तर ज्यूको आहेच’ म्हणून. नॉन-क्वालिफायरला तिथून डिव्हिजन वनला यायचं तर ज्युनियर कॉलेजची पदवी पूर्ण करावी लागते आणि २.५ जीपीए लागतो. ज्याला हायस्कूलमध्ये २.३ जड गेला त्याला २.५ हवा, तोही घरापासून कुठेतरी दूर. तयारीने गेला तर उत्तम रस्ता आहे. ऑगस्टमध्ये ढकलला गेला तर अवघड.

बाकावर बसणं म्हणजे संपणं नव्हे, हेही त्या मुलाला सांग. मार्कांची अट घालणारा प्रपोझिशन ४८ नावाचा नियम १९८६ मध्ये लागू झाला तेव्हा पहिल्याच वर्षी मिशिगन विद्यापीठाचे दोन पोरगे त्यात अडकले, रुमील रॉबिन्सन आणि टेरी मिल्स. आख्खं वर्ष खेळले नाहीत. १९८९ च्या अंतिम सामन्यात, जादा वेळेत, तीन सेकंद उरले असताना रॉबिन्सनने दोन्ही फ्री थ्रो टाकले आणि मिशिगन ८०-७९ ने जिंकलं. त्याच वर्षी जानेवारीत जॉर्जटाउन विद्यापीठाचे कोच जॉन थॉम्प्सन सामना सुरू व्हायच्या आधी कोर्टवरून चालत निघून गेले होते, कारण नवा नियम अशा मुलांची स्कॉलरशिपच काढून घेणार होता. ते मोठे होते, त्यांना निघून जाणं परवडलं. तुला परवडणार नाही, म्हणून तुझ्यासाठी वेगळा सल्ला आहे. तो येतोच.

त्याआधी उन्हाळ्यातल्या त्या ऑनलाइन कोर्सचं. तू ‘करवून घेऊ’ अवतरणात लिहिलंस, म्हणजे तुलाही वास आलाय. त्या वाक्याच्या जवळ उभासुद्धा राहू नकोस. कोर्स शोधून देणं, फी भरणं, शिकवणीला माणूस लावणं, यातलं काहीही कॉलेजच्या माणसाने प्रवेशाआधीच्या मुलासाठी करायचं नसतं. त्याच्या नावाने दुसऱ्याने पेपर लिहिणं तर सोडूनच दे. मिनेसोटा विद्यापीठात १९९९ मध्ये बाहेर आलं की ऑफिसातल्या एका बाईंनी बास्केटबॉलच्या मुलांसाठी चारशेच्या आसपास असाइनमेंट लिहिल्या होत्या. १९९७ ची फायनल फोरची, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेतल्या शेवटच्या चार संघांतली, कामगिरी पुसली गेली. मेम्फिस विद्यापीठाची गोष्ट तर तुमच्या कोचच्या तोंडपाठ असेल. तिथला खेळाडू डेरिक रोज याला एलिजिबिलिटी सेंटरने आधी हिरवा कंदील दिला होता, नंतर त्याचा सॅट स्कोअर रद्द झाला आणि २००७-०८ चे ३८ विजय नोंदीतून गेले. ‘त्यांनीच तर होकार दिला होता’ हे तिथे चाललं नाही.

विजय पुसले गेले की कॉलेज वर्ष-दोन वर्षं खाली मान घालून काढतं. पण ज्या कर्मचाऱ्याच्या नावावर शो-कॉज नावाचा ठपका लागतो, त्याला नवी नोकरी देणाऱ्या कॉलेजला आधी एनसीएएपुढे उत्तर द्यावं लागतं. तू व्हिसावर आहेस. तुला कोण घेईल?

तेव्हा तुझं काय करायचं. कोचशी भांडू नकोस. ‘हे बरोबर नाही’ असं तर अजिबात म्हणू नकोस. त्या वाक्याने आजवर एकाही कोचचं मन वळलेलं मी पाहिलेलं नाही. एक कागद कर. डावीकडे झालेले विषय, ग्रेड, गुण, शाळेच्या यादीत आहे की नाही. उजवीकडे उरलेले विषय आणि लागणारे ग्रेड. खाली तीन ओळी: खेळेल तर कधी, नुसता सराव करेल तर कधी, काहीच नाही तर कधी. तो कागद कॉलेजच्या कम्प्लायन्स ऑफिसला, म्हणजे नियम पाळले जातात का ते बघणाऱ्यांना, ईमेलने पाठव, कोचला त्यात ठेव, आणि एकच प्रश्न विचार: अल्जिब्राच्या क्रेडिट रिकव्हरीबद्दल आपलं मत काय? हा प्रश्न तुझ्या कामातच बसतो. कागदपत्रं गोळा करणाऱ्याने कागदाबद्दल विचारलं, यात आडवं जाणं कुठे आलं? एकदा ईमेलवर आलं की ‘करवून घेऊ’ म्हणणाऱ्याची जीभ आपोआप जपून चालते. नोकरी तरीही जाऊ शकते. खोटा दिलासा मी देणार नाही, नाहीतर तू त्या आईला दिलास त्यात आणि माझ्यात फरक काय राहिला? पण कॉलेजं एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या कोट्याबाहेर असतात, आणि मुलाखतीत असा कागद दाखवणारा माणूस कुठल्याही कम्प्लायन्स ऑफिसला हवा असतो. आजपासून अर्ज करायला लाग. हे काम आवडलं म्हणूनच सांगतेय. बस बुक करण्यापेक्षा तुला हे जमेल.

सही घ्यावी का, हा तुझा पहिला प्रश्न होता. माझं मत: अल्जिब्राचा निकाल लागेपर्यंत नाही. निकाल बरा लागला तर घ्या, पण मुलगा आल्यावर त्याला अभ्यासात काय मदत मिळेल ते लेखी ठरवून घ्या. अर्धवट तयारीच्या मुलाला आत घेऊन वाऱ्यावर सोडणं हे त्याला नाकारण्यापेक्षा वाईट. केव्हिन रॉस क्रेटन विद्यापीठात १९७८ ते १९८२ चार वर्षं खेळला आणि बाहेर पडला तेव्हा त्याला धड वाचता येत नव्हतं. मग तो शिकागोत मार्वा कॉलिन्स यांच्या शाळेत लहान मुलांच्या बाकांवर बसून शिकला. पुढे त्याने विद्यापीठावर खटला भरला, आणि १९९२ मध्ये अपील कोर्टाने एवढं मान्य केलं की ठरावीक मदतीचं वचन देऊन ती दिलीच नाही तर त्याची दाद मागता येईल. आपल्याकडे दहावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात, तेव्हा खेळामुळे मार्क वाढतात हे आपल्या डोक्यात बसलेलं असतं. इथे मार्कांमुळे खेळ मिळतो, आणि ते मार्क देणारी शाळा, मोजणारं सेंटर आणि वापरणारं कॉलेज ही तीन वेगळी घरं आहेत. मधल्या फटीत पोरगा पडतो.

त्या फटीत पडलेला एक पोरगा मी पाहिलाय. ऑगस्टचा शेवट होता. आई त्याला सोडायला बसने आली होती, बारा तासांचा प्रवास करून. नवी कोरी निळी सूटकेस, हँडलला किमतीची चिठ्ठी तशीच. आमच्या ऑफिसात त्या दोघांना बसवलं आणि सांगितलं की सेंटरचं उत्तर आलंय, स्कॉलरशिप देता येणार नाही. मला वाटलं ती रडेल, ओरडेल. तिने शांतपणे विचारलं, ‘तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं?’ आमच्यापैकी कुणी बोललं नाही. आम्हाला मार्चपासून शंका होती. मार्चमध्ये तिला सांगितलं असतं तर पाच महिने होते तिच्या हातात. ती सूटकेस घेऊन तसेच परत गेले दोघं. मी पुढे बराच काळ आकडे मांडायचे, ते त्या प्रश्नासाठी.

तुझ्या हातात अजून ऑक्टोबर आहे.

सोमवारी सकाळी शाळेच्या काउन्सेलरला फोन कर आणि त्या अल्जिब्राबद्दल तीनच गोष्टी विचार: तो कोर्स मंजूर यादीत आहे का, किती आठवड्यांचा होता, शिकवायला शिक्षक कोण होते. उत्तर काहीही येवो, त्याच आठवड्यात त्या घरी जा. ती रात्रपाळीवरून आल्यावर लगेच नको, दुपारी झोप झाल्यावर. मुलगाही समोर असू दे. कागद टेबलावर ठेव, गुणांची बेरीज त्यालाच करायला लाव, आणि सुरुवात अशी कर: ‘मागच्या रविवारी मी काळजी करू नका म्हणालो, ते मी माहीत नसताना म्हणालो.’

उत्तर काय आलं ते मला कळव. आणि जेवायला थांबवलं तर थांब.

— मावशी